ट्रॉट सुरू झाला की लघवी लीक होते, केगल करूनही फरक नाही: घोडा सोडू का?

थेट उत्तर आधी देते, मग बाकीचं पुराण. घोडा सोडायची गरज नाहीये. ट्रॉट, म्हणजे घोड्याची दुडकी चाल, मात्र पुढचे निदान पाच-सहा आठवडे बंद ठेव, वॉक, म्हणजे साधी चाल, चालेल, आणि केगल, म्हणजे तो ओटीपोटाचा तळ आवळायचा व्यायाम, तू ज्या पद्धतीने करतेयस त्या पद्धतीने करणं आजपासून थांबव.

तुझा प्रश्न एकदा परत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाही बघता येईल. वय ३३, दोन्ही डिलिव्हरी नॉर्मल, धाकटं ७ महिन्यांचं, जन्माला ३.६ किलोचं होतं, टाके पडले होते, अजून अंगावर पाजतेस. लग्नाआधीपासून राइडिंग करतेस, आता पुण्याजवळच्या क्लबात शनिवार-रविवार सकाळी परत जायला लागलीस. वॉकला काही होत नाही, शिंक आली तर कधीतरी एखादा थेंब, पण ट्रॉट सुरू झाला की दोन राउंडात पॅड ओला. तीन महिने केगल चालू आहेत, सिग्नलला, भांडी घासताना, आणि घोड्यावर तर पूर्ण वेळ जीव खाऊन आवळून धरतेस. फरक शून्य, उलट आताशा खाली ठणकतं आणि संबंधाच्या वेळीही दुखतं. गायनॅक म्हणाल्या दोन बाळंतपणांनंतर होतंच असं, सासूबाई म्हणाल्या घोडा बंद कर. आणि डिसेंबरात क्लबचा शो आहे, त्यात उतरता येईल का.

मी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचीच फिजिओथेरपी करते, त्यातही पळणाऱ्या, जिमवाल्या आणि राइडिंगवाल्या बायका बऱ्याच येतात, त्यामुळे तुझं वाचताना मी त्या "ठणकतं" शब्दावरच थांबले. नुसती गळती असती तर गोष्ट वेगळी. गळती अधिक दुखणं, त्यात पूर्ण वेळ आवळून धरायची सवय, म्हणजे बहुतेक तुझा स्नायू दुबळा आहे त्यापेक्षा जास्त तो दमलाय आणि त्याला सुटायचं कसं हे विसरायला झालंय. बहुतेक म्हणतेय कारण हात लावून तपासल्याशिवाय हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. पण पुढचं सगळं ह्या अंदाजावर लिहितेय आणि तपासणीत काही वेगळं निघालं तर जी तपासेल तिचं ऐक, माझं नको.

"होतंच असं" हे अर्धं खरं आहे. बाळंतपणानंतर साधारण तीनातल्या एकीला लघवी गळायचा त्रास होतो, म्हणजे तू काही जगावेगळी नाहीस. पण पुष्कळ जणींना होतं म्हणून ते तसंच सोडून द्यायचं हे मला कधीच पटलेलं नाही, गुडघा पुष्कळांचा दुखतो म्हणून कोणी लंगडत बसत नाही ना.

आता आत काय झालंय ते. पुढे जांघेच्या मधलं हाड आणि मागे माकडहाड ह्यांच्यामध्ये हे स्नायू झोळीसारखे बांधलेले असतात आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय ही सगळी मंडळी त्या झोळीत बसलेली असतात. नॉर्मल डिलिव्हरीत बाळाचं डोकं बाहेर येताना ह्या स्नायूंचा मधला भाग मूळ लांबीच्या तिप्पट-सव्वातिप्पट ताणला जातो, शरीरातला दुसरा कुठलाही स्नायू इतका ताणला तर फाटेल. बहुतेक जणींचा तो परत येतो, पण त्याला महिने लागतात आणि आपला सव्वा महिना झाला की घरातल्यांना वाटतं झाली ही बरी. चिमटा (फोर्सेप्स) लावून डिलिव्हरी झाली असेल तर स्नायू हाडापासून सुटायची शक्यता जास्त असते, तुझ्या बाबतीत चिमटा लागला होता का ते लिहिलं नाहीयेस, डिस्चार्ज पेपरवर असतं, बघून ठेव. सिझर झालेल्या ज्या वाचत असतील त्यांनी आपण सुटलो असं समजू नका, नऊ महिने वजन त्याच झोळीवर होतं, त्रास कमी जणींना होतो इतकंच.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, त्यामुळे योनीची आणि लघवीच्या वाटेची त्वचा पातळ आणि कोरडी होते. तुझं संबंधाच्या वेळचं दुखणं थोडं ह्यामुळेही असू शकतं, सगळा दोष टाक्यांचा नाही. गायनॅकला स्पष्ट विचार की आतून लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम मला चालेल का. ल्युब्रिकंट तर कोणाला न विचारता मेडिकलमधून आणता येतं, लाजू नकोस.

बरं, मग वॉकला कोरडी आणि ट्रॉटला ओली असं का. वॉकमध्ये घोड्याचे चार पाय एकामागून एक पडतात, एक तरी पाय कायम जमिनीवर असतो, पाठ हलते पण उसळत नाही. ट्रॉटमध्ये पुढचा डावा-मागचा उजवा, मग पुढचा उजवा-मागचा डावा अशी जोडी पडते आणि दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर घोडा पूर्ण हवेत असतो. म्हणजे प्रत्येक जोडी टेकली की तुला खालून एक हिसका. साध्या ट्रॉटला मिनिटाला दीडशेच्या आसपास असे हिसके बसतात. हा आकडा लक्षात ठेव कारण सगळं उत्तर ह्यात आहे. मिनिटाला दीडशे वेळा जाणीवपूर्वक आवळ-सोड करणं कोणालाच शक्य नाही, आणि अर्धा तास सलग आवळून धरणंही शक्य नाही, हा स्नायू पूर्ण ताकदीने जेमतेम दहा सेकंद टिकतो, मग थरथरायला लागतो. तू पहिल्या राउंडात आवळलास, दहाव्या-पंधराव्या सेकंदाला त्याने मान टाकली, दुसऱ्या राउंडात पॅड ओला. तुझ्या वर्णनाशी बरोब्बर जुळतंय.

आणि समजा टिकला जरी असता तरी आधीच पूर्ण आवळलेल्या स्नायूला हिसका आल्यावर अजून वर जायला जागाच उरत नाही. धड असलेली झोळी हिसक्याबरोबर थोडी खाली जाते आणि लगेच वर येते, मनगटाला न सांगता मनगट लगाम सांभाळतं ना, तसं हे आपोआप व्हायला हवं. आपल्याला ती आपोआप हालचाल परत आणायचीय, ताकद हा तिचा एक भाग झाला फक्त.

राइडिंगवाल्यांच्यात ह्यात एक खास घोळ असतो. मांड्यांचे आतले स्नायू. गळायची भीती वाटली की बाई गुडघे आणि मांड्या आवळते, त्याबरोबर ओटीपोटाचा तळही आवळला जातो, श्वास अडकतो, श्वास अडकला की पोटातला दाब वाढतो आणि तो दाब मूत्राशयावरच येतो. वर गुडघे आवळले की तू सॅडलमध्ये खोल बसत नाहीस, वर वर उडतेस, म्हणजे हिसका आणखी मोठा. घोड्यालाही ते कळतं, तो कान मागे करतो नाहीतर चाल वाढवतो, मग तू आणखी आवळतेस. इन्स्ट्रक्टर लांबून ओरडत असतो "रिलॅक्स करा मॅडम", त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

तर कामाला लागू. पहिले दोन-तीन आठवडे आवळायचं नाही, सोडायला शिकायचं. पाठीवर झोप, गुडघे वाकवून पाय भिंतीला किंवा खुर्चीवर, एक हात पोटावर. नाकाने श्वास आत घेताना पोट फुगू दे, बरगड्या बाजूला जाऊ देत आणि खाली बसायची जागा रुंद होतेय असं जाणवू दे. श्वास सोडताना काही करू नकोस. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, बाळ झोपल्यावर. आनंद बालासन, म्हणजे पाठीवर झोपून तळपाय हाताने धरायचे, ते जमत असेल तर तेही चांगलं. मलासन, म्हणजे उकिडवं बसणं, खालच्या भागाला सुटायला छान असतं पण खाली जड वाटत असेल तर नको. टाक्यांची जागा पूर्ण भरलीय ना ते डॉक्टरकडून बघून घे आणि मग तिथे स्वच्छ बोटाने हलका मसाज करायला फिजिओकडून शिक, कडक झालेला व्रण जवळच्या स्नायूला ओढून धरतो आणि ठणका त्यामुळेही राहतो.

ठणका कमी झाला, की मग आवळणं. इथे तुला माझं थोडं ऐकावं लागेल कारण केगल "येतात" म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणी चुकीचे करत असतात. अमेरिकेत १९९१ मध्ये एक अभ्यास झाला होता, बायकांना नुसतं तोंडी समजावून करायला सांगितलं तर साधारण चौथा हिस्सा बायका वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे गळती वाढेल असंच काहीतरी. खुद्द केगल नावाच्या डॉक्टरने १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला तेव्हा त्याने सोबत योनीतला दाब मोजायचं यंत्र दिलं होतं, बाईला दिसायचं आपण बरोबर करतोय का. ते यंत्र मागे राहिलं आणि आपल्यापर्यंत फक्त "आवळा" एवढंच आलं.

आरसा घे, अर्धवट टेकून बस आणि बघ. बरोबर केलंस तर मधली जागा आत आणि वर जाते. फुगून बाहेर आली तर उलटं चाललंय. पोट कडक, पार्श्वभाग घट्ट, मांड्या एकमेकींकडे, भुवया वर, असं काही होत असेल तरी चुकतंय. योगा क्लासमध्ये अश्विनी मुद्रा शिकली असशील, गॅस अडवल्यासारखं मागून आवळायचं, सुरुवात तिथूनच कर, ती जागा बायकांना लवकर सापडते, आणि मग तोच ताण पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणायचा. लघवी करता करता मध्येच धार थांबवून सराव करू नकोस, एकदा कधीतरी जागा ओळखायला केलं तर ठीक, रोज केलंस तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि इन्फेक्शनला आमंत्रण.

किती करायचे हे सगळ्या विचारतात. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या गाइडलाइनमध्ये एका वेळी निदान ८, दिवसातून ३ वेळा, आणि निदान ३ महिने, तेही कोणाच्या तरी देखरेखीखाली, असं आहे. मी त्यात एवढंच घालते की जितका वेळ आवळलंस तितकाच किंवा दुप्पट वेळ पूर्ण सोडायचं, आणि खरोखर सुटलं का ते जाणवल्याशिवाय पुढचं नाही. आधी आडवं झोपून, मग खुर्चीत, मग उभं. सिग्नलला आणि भांडी घासताना नको गं, लक्ष नसतं, लक्ष नसताना बाई नुसती आवळते आणि सोडायचं राहून जातं. पाच-सहा सेकंद धरायचे काही आणि पटकन आवळून पटकन सोडायचे काही, असं दोन्ही हवं, राइडिंगसाठी तर पटकनवालेच जास्त कामाचे.

खोकल्या-शिंकेसाठी एक युक्ती मात्र अपवाद म्हणून आत्तापासून वापर. शिंक येतेय असं कळलं की तिच्या आधी क्षणभर आवळायचं, शिंक झाली की सोडायचं. मिशिगनमधल्या लोकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की सौम्य गळती असलेल्या बायकांना हे शिकवल्यावर आठवड्याभरात खोकतानाची गळती बरीच कमी झाली. इतक्या लवकर स्नायू काही बळकट होत नाही, फक्त वेळ साधली जाते. घोड्यावर हे प्रत्येक हिसक्याला नाही चालणार पण दोन ठिकाणी नक्की चालतं, ती पुढे सांगते.

मग जिम बॉल. चांगल्यापैकी मोठा घे, बसल्यावर गुडघे काटकोनात आले पाहिजेत, घसरत नाही ना बघ. त्यावर बसून हळूहळू उसळायचं, श्वास चालू ठेवून, आणि खालचं काहीही मुद्दाम धरायचं नाही. श्वास अडकत नाही ह्याची खात्री करायला माझ्या पेशंटना मी पाढे म्हणायला लावते, बे एके बे, मोठ्याने, तोंडातून आवाज येतोय म्हणजे श्वास अडकलेला नाही. घरातले हसतात, हसू देत. एक मिनिट कोरडं जमलं की रायझिंग ट्रॉटसारखं, म्हणजे चालीच्या तालावर सॅडलवरून उठ-बस करतो तसं, बॉलवरून अर्धवट उठ-बस, उठताना श्वास बाहेर.

ट्रॉटवर परत कधी, ह्याला तारीख नाही, परीक्षा आहे. घोडेस्वारीसाठी वेगळे असे बाळंतपणानंतरचे नियम मला वापरायला मिळाले नाहीत, म्हणून पळणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये ब्रिटिश फिजिओंनी जे मांडलंय त्याच्या आधाराने मी ठरवते. तिथे पहिले ३ महिने हिसके नकोतच असं आहे, तुझे ते कधीच उलटलेत. त्यानंतर अर्धा तास भरभर चालणं, एका पायावर १० सेकंद उभं राहणं, जागच्या जागी १ मिनिट जॉगिंग, एका पायावर १० उड्या, दोन्ही पायांचं, हे सगळं न गळता, न दुखता, खाली जड न वाटता जमलं पाहिजे. हे घरात जमत नसेल तर घोड्यावर जमणार नाही, साधा हिशोब आहे.

जमलं की मग असं कर. घोडा बदलून माग. पुण्या-मुंबईच्या क्लबांत रेसकोर्सवरून रिटायर झालेले थरोब्रेड पुष्कळ असतात, त्यांच्यातल्या काहींचा ट्रॉट लांब आणि उसळता, तुला त्यातला नको, म्हातारा, आखूड पावलं टाकणारा एखादा असेलच. मारवाडी घोड्यांत रेवाल चाल असते, ती बऱ्यापैकी सपाट, सारंगखेड्याच्या बाजारात लोक त्या चालीसाठी घोडा चालवून बघतात, तसा क्लबात असेल तर सोन्याहून पिवळं पण हट्ट नको. पहिला दिवस दहा-बारा पावलं ट्रॉट आणि परत वॉक, असं चार-पाच वेळा, बास. रायझिंगच, सिटिंग ट्रॉट, म्हणजे न उठता बसूनच, सगळ्यात शेवटी. उठताना श्वास बाहेर, मनात पाढे. हाफ सीट, म्हणजे सॅडलवरून थोडं उचलून राहणं, जमत असेल तर थोडा वेळ तसंही कर, हिसका घोटा-गुडघा-खुबा खातात आणि खालपर्यंत कमी पोचतो. स्टिरप, म्हणजे रिकीब, फार लांब असेल तर तू बोटांनी शोधत राहतेस आणि मांड्या आवळतेस, एक भोक वर घेऊन बघ. कँटरबद्दल, म्हणजे ट्रॉटच्या पुढच्या वेगाच्या चालीबद्दल, विचारलं नाहीस पण सांगते, बऱ्याच जणी म्हणतात की कँटर झुलल्यासारखा असतो म्हणून ट्रॉटपेक्षा बरा पडतो, त्यामुळे ट्रॉटवर सगळं थांबवून बसू नकोस, इन्स्ट्रक्टर हो म्हणाला आणि तुझा बॅलन्स परत आला असला तर तो आधीही चालू शकतो.

ती दोन ठिकाणं आता. चढणं आणि उतरणं. जमिनीवरून एका पायाने स्वतःला वर खेचणं ह्यात सगळा जोर खाली येतो, तर माउंटिंग ब्लॉक, म्हणजे चढायचं स्टूल, वापर, नसेल तर कट्टा, त्यात कमीपणा नाही आणि घोड्याच्या पाठीलाही बरं. उतरताना सगळ्या जुन्या सवयीने धपकन उडी मारतात, उंच घोड्यावरून ती चांगली मोठी उडी झाली, आणि तासभर राइडिंग करून दमलेल्या स्नायूवर. पोटावर आडवं होऊन सॅडलच्या कडेने घसरत ये, पाय टेकायच्या आधी एकदा आवळ, गुडघे वाकवून टेक, मग सोड. ट्रॉटला कोरड्या राहिलेल्या आणि उतरताना भिजलेल्या बायका मी पाहिल्यात.

तबेल्यातलं काम कोणी मोजतच नाही. पाण्याची वीस लिटरची बादली, लिदीची गाडी ढकलणं, सॅडल खुंटीवर उंच ठेवणं. पुढचे तीन महिने बादली अर्धी, सॅडल सईसाला उचलू दे, आणि जे काही उचलशील ते श्वास सोडत. घरी तेच, मोठं पोरगं "उचलून घे" म्हणालं की तू खाली बस आणि ते चढू दे.

पोट बांधणं सासूबाईंनी अजून चालू ठेवलं असेल तर सात महिन्यांनी त्याचं काही काम नाही. सुरुवातीला सैलसर पट्टा आधार म्हणून ठीक असतो पण करकचून बांधलं की दाब खाली येतो, आणि राइडिंगला जाताना तर ती पट्टी अजिबात नको. डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल खा, फक्त त्याबरोबर पाणी आणि भाजी-फळं हवीत, कारण बद्धकोष्ठ झालं की रोज सकाळी कुंथायचं आणि वर मी सांगितलेल्या सगळ्या व्यायामावर पाणी. इंग्लिश कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घे.

पाण्याचं मात्र सगळ्याच उलटं करतात. ग्राउंडवरचं टॉयलेट घाण किंवा लांब, म्हणून सकाळपासून पाणी नाही, निघायच्या आधी दोनदा, पोचल्यावर परत एकदा लघवी "असू दे" म्हणून. पाणी कमी प्यालं की लघवी दाट होते आणि मूत्राशयाला चुरचुरते, घाई वाढते. सारखं जाऊन जाऊन मूत्राशयाला थोड्यावरच बोंब मारायची सवय लागते. तू पाजतेयस, तुला पाणी जास्तच हवं. दिवसभरात ६ ते ८ वेळा लघवी म्हणजे ठीक. राइडच्या आधी एकदा जा, एकदाच, घाईने जोर न देता, पूर्ण टेकून बसून. आदल्या दोन तासांत चहा-कॉफी टाळ, काहींना चहाने फार फरक पडतो, काहींना अजिबात नाही, आठवडाभर करून बघ. राइड झाल्यावर टपरीवर पी की.

तोवर कोरडं राहायचं कसं. पाळीचा पॅड वापरू नकोस, तो रक्तासाठी केलेला असतो, लघवी पटकन येते आणि ती त्याच्यावरून वाहून जाते, मग ओलं सॅडलवर घासून मांड्या सोलतात. लघवीसाठीचे वेगळे पॅड मेडिकलमध्ये आणि ऑनलाइन मिळतात, पातळ असतात, ते घे. आतली चड्डी शिवण नसलेली, ब्रीचेस गडद रंगाची, पिशवीत एक जोडी जादा. आणि एक गोष्ट आहे जिच्याबद्दल इथे फार कमी जणींना माहितीय, सिलिकॉनची रिंग, पेसरी म्हणतात, योनीत बसवतात, पुढच्या बाजूला असलेला उंचवटा लघवीच्या नळीला खालून टेकू देतो. माप घेऊन गायनॅकच बसवते, नंतर स्वतः घालता-काढता येते, काही जणी फक्त व्यायामापुरती वापरतात. तुझा ठणका जाईपर्यंत ती नको, पण नंतर व्यायामाने ऐंशी टक्के काम झालं आणि ट्रॉटला दोन थेंब उरले तर हा उत्तम मार्ग आहे. मेन्स्ट्रुअल कप त्याच्याऐवजी वापरू नकोस, बाहेर काढताना खाली ओढ बसते.

आता ज्यासाठी थांबू नये ते. लघवीत रक्त, जळजळ-ताप, लघवी होतच नाही, किंवा दिवसरात्र थेंबथेंब सतत चालूच, योनीशी गोळा किंवा फुगवटा लागतो म्हणजे अंग बाहेर येतंय असं वाटतं, गॅस किंवा शी आवरत नाही, ह्यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. शेवटचं तर बायका मरेपर्यंत सांगत नाहीत, टाके खोल गेलेले असले तर होतं आणि त्यावर उपाय आहे. आणि सॅडलला जो भाग टेकतो तोच भाग बधिर झालाय, सोबत कंबरदुखी, पाय लुळे वाटणं किंवा लघवी-संडासचा ताबा जाणं, असं असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, मणक्यातल्या नसांवर दाब असू शकतो. पडल्यानंतर असं झालं तर अजूनच.

तपासायला जाशील तेव्हा पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ह्याच तळाच्या स्नायूंचं, काम करणारी फिजिओ आहे का हे फोनवर आधी विचार, सगळ्या करत नाहीत. तपासणीत ग्लोव्ह घालून एका बोटाने आतून बघतात, तुझी परवानगी घेऊनच, दुखलं तर थांबायला सांगायचा हक्क तुझा. नको म्हणालीस तर बाहेरून किंवा सोनोग्राफीवरही बरंच कळतं. जाताना तीन दिवसांची नोंद ने, किती वाजता किती प्यायलीस, कधी लघवी, कधी गळलं आणि तेव्हा काय करत होतीस. ऑपरेशनचं आत्ता डोक्यातही आणू नकोस, आधी ३ महिने नीट व्यायाम, आणि अजून मूल हवं असेल तर तसंही ते पुढेच ढकलतात.

सासूबाईंना सांग की डॉक्टरने व्यायाम दिलाय आणि घोडा हळूहळू चालू ठेवायला सांगितलंय, त्यांची काळजी खोटी नाही, त्यांच्या वेळी कोणी विचारलंच नसेल. इन्स्ट्रक्टर जर रिटायर्ड फौजी रिसालदार साहेब असतील आणि खरं कारण सांगायला जीभ रेटत नसेल तर "डिलिव्हरीनंतर फिजिओने सिटिंग ट्रॉट आणि बिनरिकिबीचं काम बंद सांगितलंय" इतकंच पुरे, ते पुढचं विचारत नाहीत. सांगता आलं तर मात्र सांग, कारण मग तू मधूनच वॉकवर आलीस तर ते ओरडणार नाहीत.

डिसेंबरचा शो. आत्ता ऑगस्ट. दोन-तीन आठवडे सोडायला शिकण्यात, मग बॉल, मग सप्टेंबरअखेर ती उड्यांची परीक्षा, ऑक्टोबरात दहा-दहा पावलांचा ट्रॉट, असं धरलं तर वॉक-ट्रॉटचा सोपा ड्रेसाज क्लास, म्हणजे उड्या नसलेली, नुसत्या चालींची स्पर्धा, जमण्यासारखा आहे. जंपिंग नाही, ह्या वर्षी नाही, तिथे प्रत्येक उडीनंतर उतरण्याचा मार असतो आणि तू अजून पाजतेयस. एंट्रीची शेवटची तारीख विचारून घे आणि नोव्हेंबरच्या मध्यावर ठरव, तेव्हा सलग पाच मिनिटं रायझिंग ट्रॉट कोरडा होत असेल आणि दुसऱ्या दिवशी खाली जड वाटत नसेल तर नाव दे.

चिमट्याचं आणि ती तीन दिवसांची नोंद मला इथेच लिहिलीस तरी चालेल, नंबर-नाव काही नको.